ठकूबाईंचं ‘लिवून द्या’

ठकूबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कागद मागण्यात त्यांचा हात धरणारं दौंड तालुक्यात कुणी नसेल. कुणी कशाला मनाई केली, की डोक्यावरचा पदर सारखा करायच्या आणि म्हणायच्या, “लिवून द्या.”

वरवंडजवळच्या एका गावात मी ग्रामसेवक होतो. बायकांना राखीव जागा नुकत्याच आल्या होत्या आणि मेंढपाळांच्या वस्तीवरून ठकूबाई सदस्य म्हणून निवडून आल्या. त्या वेळची आमची रीत सांगायला आज लाज वाटते. बैठक पुरुष उरकायचे. मग मी ठरावाचं रजिस्टर बगलेत मारून, शाईचं पॅड खिशात घालून बाई सदस्यांच्या घरोघर अंगठे गोळा करत फिरायचो. पहिल्या फेरीला ठकूबाई शेळीची धार काढत होत्या. अंगठा काही पुढं आला नाही.

“भाऊसाहेब, बैठक झाली कवा?”

“काल.”

“मी हुते का तितं?”

“नव्हता.”

“मग तसंच लिवा की! खोटं कशापायी लिवताय?”

हात हलवत परतलो. “बाईला शिंगं फुटली,” उपसरपंच आप्पा म्हणाले. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं.

पुढं दौंडला सदस्यांचं एक दिवसाचं ट्रेनिंग झालं. बाकीच्यांनी तिथलं जेवण लक्षात ठेवलं, मीसुद्धा. ठकूबाईंनी एक वाक्य ठेवलं. “सायेब म्हणलं, घटनेपुढं समदी सारखी. म्हंजी खुर्ची बी सारखीच की, भाऊसाहेब!”

त्यानंतरच्या बैठकीत वस्तीवर मंजूर झालेला नळ आप्पांच्या आळीत न्यायचं घाटत होतं. वस्तीवरच्या बाया मैलभर चालून विहिरीचं पाणी आणायच्या. ठकूबाई सरळ आत आल्या. आप्पा कडाडले, “बायामाणसं बैठकीत बसत न्हाईत. घरी जा, अंगठा घ्यायला भाऊसाहेब येतील.”

“व्हय? लिवून द्या, आप्पा. दौंडात सायबाला दाखवते.”

“द्या हो लिहून, भाऊसाहेब!” आप्पांनी मलाच फर्मावलं.

लिहावं तर नोकरीवर गदा, न लिहावं तर आप्पांशी वैर. मी आपलं पेन गुपचूप आप्पांच्याच पुढ्यात सरकवलं. हात कोण लावतो! तेवढ्यात ठकूबाई रिकाम्या खुर्चीवर बसल्या, नुसत्या टेकल्या नाहीत, चांगली मांडी घालून बसल्या. “हं, नळाचं काय म्हणत हुता?”

नळ वस्तीवरच बसला. काय बाई होती! अशी दुसरी मी पाहिली नाही.

माझी बदली शिरूर तालुक्यात, केंदूरला झाली. निरोप घ्यायला गेलो तर म्हणाल्या, “भाऊसाहेब, तुमी मानूस वाईट न्हाई. भित्रं हाय.” झोंबलं, पण खोटं कुठं होतं?

काही वर्षांनी त्या गेल्याचा फोन आला. तसाच निघालो. नवरा आधीच वारलेला, मूल एकच, मुलगी सुनंदा. विस्तवाचं मडकं तिनं उचललं तशी माणसांत कुजबुज सुरू झाली. म्हातारे झालेले आप्पा काठी टेकत पुढं आले. “पोरी, बाया मसणात येत न्हाईत. मडकं चुलतभावाकडं दे.”

सुनंदानं पदरानं डोळे पुसले. “लिवून द्या, आप्पा.”

मग मीच खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि आप्पांसमोर धरलं. आप्पांनी पेनाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि ते वाटेतून बाजूला झाले. सुनंदा मडकं घेऊन आईच्या पुढं चालू लागली.