जिवंतांच्या पानावरचा देम्यान

माझ्या सासूबाई लुकेर्या सावेल्येव्ना यांच्याकडे नावांची एक वही होती. आमच्याकडे घरोघरी असते तशीच, तळहाताएवढी. डावीकडची पानं जिवंत माणसांची, त्यांच्या आरोग्यासाठी. उजवीकडची गेलेल्यांची, त्यांच्या शांतीसाठी. रविवारी ती चर्चमध्ये द्यायची आणि पाद्रीबाबा प्रार्थनेत एकेक नाव वाचतात. चर्चचं धान्याचं कोठार झालं होतं, त्या वर्षांत सासूबाई तसबिरींसमोर उभ्या राहून स्वतःच वाचायच्या.

माझे सासरे देम्यान बावन्न वर्षं त्या वहीच्या डाव्या पानावर होते.

हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. लग्न होऊन मी या घरात आले त्या पहिल्याच महिन्यात शेजारची फ्योक्ला विहिरीवर मला म्हणाली, "तुझा सासरा जिवंत आहे म्हणे. मग येत का नाही? जर्मनीत दुसरी मिळाली असेल, गोरी आणि जाडजूड."

सासूबाई मागेच उभ्या होत्या. म्हणाल्या, "मिळाली असेल तर जेवू घालते ना त्याला? तेवढं पुरे मला."

आणि दोन्ही बादल्या उचलून चालू लागल्या.

ठावठिकाणा नाही, एवढंच सरकारी कागदावर लिहून आलं होतं. मेला असंही नाही, जिवंत असंही नाही. त्या काळी अशा माणसाच्या घराकडे लोक वेगळ्याच नजरेनं पाहायचे. लढता लढता पडला असता तर कागद तसा आला असता. नाही आला, त्या अर्थी कुठेतरी हात वर केले असणार. माझा नवरा अर्कादी शाळेत पहिला यायचा. अठराव्या वर्षी विमानदलाच्या शाळेत अर्ज घेऊन गेला. वडिलांच्या रकान्यात काय लिहिलंय ते त्यांनी वाचलं आणि कागद परत केले. अर्कादीनं सगळं आयुष्य कापणीयंत्रावर काढलं. वडिलांचा विषय त्यानं माझ्यापाशी एकदाच काढला, तोही दारू पिऊन. म्हणाला, "तो पळाला, आणि मला इथे बांधून गेला."

सासूबाई लढाईबद्दल फारशा बोलत नसत. डॉन नदीच्या वळणावरचं आमचं गाव. दरवर्षी फेब्रुवारीत जिल्ह्याचे लोक येऊन भाषण करतात, की इथेच, याच गवताळ रानात सगळं युद्ध वळलं. सासूबाई शेवटच्या बाकावर बसून ऐकायच्या आणि घरी येऊन म्हणायच्या, "युद्ध वळलं. माझा माणूस तेवढा नाही वळला घराकडे."

तुकड्यातुकड्यांनी त्यांनी मला सांगितलं होतं ते एवढंच. बेचाळीसच्या जुलैअखेर आपलं सैन्य मागे हटत नदीच्या पुलाकडे चाललं होतं. त्यातच देम्यान होता. तासभर घरी आला, काकड्या आणि दही खाल्लं, तीन महिन्यांच्या अर्कादीला पहिल्यांदा हातात घेतलं आणि गेला. तिसऱ्या दिवशी जर्मन आले. महिन्यानं पूर्वेकडचं आकाश लाल झालं, ते आठवडाभर लालच राहिलं. तिकडे सत्तर किलोमीटरवर शहर जळत होतं. नोव्हेंबरात बर्फातून आपले रणगाडे परत आले, शत्रूला घेरणारं कडं त्याच्या पाठीमागे मिटलं. फेब्रुवारीत एका सकाळी तोफा थांबल्या. "इतकं शांत झालं," त्या म्हणायच्या, "की अर्कादी घाबरून रडायला लागला. त्यानं शांतता कधी ऐकलीच नव्हती."

यंदा ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, घरं स्वच्छ करायच्या दिवशी, फ्योक्ला ओढ्यावर माती आणायला गेली. आमच्या गावात सगळ्यांच्या चुली त्याच ओढ्याच्या मातीनं लिंपतात. आमचं घर गावात शेवटचं, ओढा तिथून हाकेच्या अंतरावर. तीस वर्षं मीही तिथूनच माती आणते, सासूबाई त्याच्याही आधीपासून. शेळ्या चारायला त्या तिथेच जायच्या. फ्योक्लाचं फावडं बुटाच्या तळव्याला लागलं.

शाळेच्या नेल्ली बोरिसोव्ना बाई रानातून सैनिकांची हाडं शोधून त्यांना मूठमाती देण्याचं काम करतात. त्या दोन माणसं घेऊन आल्या. दुपारपर्यंत तीन जण निघाले, एकमेकांना लागून पडलेले. त्यांतल्या एकापाशी काळी नळी सापडली, बोटाच्या पेराएवढी, फिरकीचं झाकण असलेली. प्रत्येक शिपायाला ती मिळायची. आत कागदाची पट्टी, तिच्यावर नाव, गाव, बायकोचं नाव लिहायचं.

बाहेर वारा होता, म्हणून बाई नळी घेऊन आमच्याकडे आल्या. मी टेबल पुसून दिलं. अर्कादी खिडकीपाशी उभा राहिला. सासूबाई चुलीजवळच्या बाकावर कांद्याच्या साली निवडत होत्या, अंडी रंगवायला.

"आशा धरू नका," बाई म्हणाल्या. "दहांतल्या सहा रिकाम्या निघतात, नाहीतर आत कोरा कागद. पोरं नाव लिहायचीच नाहीत. लिहिलं की मरण येतं म्हणायची."

"मूर्ख," अर्कादी म्हणाला.

"वीस-बावीस वर्षांची होती हो. तुम्हीही नसतं लिहिलं."

त्यांनी सुईनं पट्टी बाहेर ओढली आणि ओल्या टीपकागदावर हळूहळू उलगडली. आमच्याकडची माती कोरडी. कागद शाबूत होता. जांभळ्या पेन्सिलीची अक्षरं दिसायला लागली. बाईंनी भिंग धरलं आणि सुस्कारा सोडला.

"नाव नाही. प्रार्थना आहे नुसती. संरक्षणाची, लढाईवर जाताना म्हणतात ती. हा अनामिकच जाणार."

चुलीकडून सासूबाईंचा आवाज आला. त्यांनी मानही वर केली नव्हती.

"तिसऱ्या ओळीत एक शब्द खोडून वर लिहिलाय का?"

बाई वाकल्या. भिंग तिसऱ्या ओळीवर नेलं आणि म्हणाल्या, "हो."

"आणि कागदाची डावी कड वाकडीतिकडी फाटलेली असेल."

"आहे. आजी, तुम्हाला कसं ठाऊक?"

सासूबाईंनी साली हातातून खाली ठेवल्या. उठल्या, कोपऱ्यात गेल्या, तसबिरींमागून नावांची वही काढली आणि टेबलावर ठेवली. शेवटचं पान उघडलं. त्या पानाची कड लांबलचक फाटलेली मी कितीतरी वेळा पाहिली होती. उंदरानं कुरतडली असेल, असंच मी समजत होते.

बाईंनी पट्टी टीपकागदासकट सरकवून पानाला लावली. दाताला दात बसावा तशी ती बसली.

मी तिथेच स्टुलावर बसले.

"त्या दिवशी त्यानं नळी दाखवली मला," सासूबाई म्हणाल्या. "पट्टी भरलेली होती. त्यानं नीट सगळं लिहिलं होतं. आपलं नाव, गाव, माझं नाव. मी म्हटलं, जिवंतपणी कुणी आपलं असं लिहून ठेवतं का? तो हसला, म्हणाला, नियम आहे लुशा. तो बाळाला घेऊन अंगणात गेला, तेवढ्यात मी पट्टी काढली आणि चुलीत घातली. तिच्या जागी प्रार्थना लिहून ठेवली. घाईत एक शब्द चुकला."

"त्यांना सांगितलंत का?" मी विचारलं.

"नाही. बजावलं फक्त, उघडू नकोस."

अर्कादी खिडकीपासून टेबलाशी आला. "त्यांनी भरली होती," तो म्हणाला.

"हो."

"माझं नाव होतं?"

"शेवटी होतं. जागा नव्हती, बारीक लिहिलं होतं."

"आणि तू जाळलीस."

"मी जाळली."

"मी त्या माणसाला आयुष्यभर पळपुटा म्हणत आलो, आई. पोरांनाही तेच सांगितलं. आणि तो इथे होता. मातीत. आपली चूल..."

सासूबाई म्हणाल्या, "तो गेल्यावर दोन दिवस ओढ्याकडून गोळीबार ऐकू येत होता. मी तुला घेऊन तळघरात होते. पुलाकडे जाणाऱ्यांना वेळ मिळावा म्हणून कुणीतरी मागे थांबलं होतं. मी त्या कुणासाठी तरी प्रार्थना केली. नंतर जर्मनांनी ओढ्याकडे कुणाला जाऊ दिलं नाही, मग बर्फ पडलं."

"इतकी वर्षं गप्प का बसलीस?"

"तो येईल, मग त्यालाच सांगेन म्हटलं. उजव्या पानावर तो गेला असं लिहिलं असतं तर ते माझ्यामुळेच झालं असं ठरलं असतं."

अर्कादी दार उघडून बाहेर गेला. जाताना दार मात्र हळू लावलं.

बाईंनी चष्मा पुसला. "आजी, एक विचारते. नुसत्या प्रार्थनेवर ओळख ठरवणारी समिती नाव देणार नाही. ही वही न्यावी लागेल, आणि हे सगळं तुम्हाला लिहून द्यावं लागेल. जाळलंत तेही. मग ते जिल्ह्याच्या पेपरात येईल, गावात वाचतील. नाहीतर तो बाकीच्या दोघांबरोबर अनामिक जाईल, तुम्हाला कुणी काही विचारणार नाही. जागा तीच असेल."

मला फ्योक्ला आठवली. विहीर आठवली.

"कागद आण, पोरी," सासूबाई मला म्हणाल्या. "मोठा आण. अर्धवट लिहायचं नाही आता."

त्यांनी स्वतः लिहिलं, दोन तास लागले. त्या दिवशी अंडी रंगवायची राहून गेली.

नऊ मेला मूठमाती झाली. एका पेटीवर नाव होतं. पाटी अर्कादीनं स्वतः कापली होती आणि अक्षरं स्वतः रंगवली होती. दहा दिवस शेडमध्ये तो तेवढंच करत होता. आईशी तो कामापुरतंच बोलत होता. पण पेटी खाली सोडताना आईचा तोल गेला तेव्हा त्यानं तिचा दंड धरला, आणि शेवटपर्यंत तो सोडला नाही. फ्योक्ला आली होती. तिनंही मूठभर माती टाकली.

दुसऱ्या दिवशी गेलेल्यांचा मंगळवार होता, ईस्टरनंतर कबरींवर अंडी घेऊन जातात तो. सकाळी सासूबाईंनी वही माझ्यासमोर ठेवली, उजवं पान उघडून.

"तू लिही."

"आई, हे तुम्हीच लिहायला हवं."

"नाही," त्या म्हणाल्या. "त्याच्यासाठी एकदा लिहिलं मी. माझा हात नको पुन्हा."

मी देम्यान असं लिहिलं. मग डावीकडच्या पानावरचं नाव खोडायला पेन्सिल नेली, तर त्यांनी त्यावर हात ठेवला. पाद्रीबाबांना काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही. या रविवारी ते नाव दोनदा वाचलं गेलं.