आमच्या घरातलं थायलंड

आमच्या ओसरीवर गोष्टी साठतात त्या उन्हात घातलेल्या भिरंडांच्या, म्हणजे कोकमांच्या, सोलांसारख्या. एक टोपली वाळते न वाळते तोवर दुसरी येते. गेल्या वर्षभरातल्या सगळ्या थायलंडच्याच. थायलंड मी पाहिलेलं नाही, पण गोव्याच्या हद्दीवरच्या आमच्या अख्ख्या इब्रामपुरात माझ्याइतकं थायलंड कुणाच्या डोक्यात शिरलं नसेल!

*

सुरुवात उल्हासनं केली. उल्हास माझा मुलगा, वीजखात्यातून रिटायर झालेला. विमानतळ झाल्यापासून इकडं सगळं महागलं, पेन्शनीत भागत नाही, ही त्याची रोजची आरती. त्याचा ऑफिसातला दोस्त मधू थायलंडला जाऊन राहिला. तिथं निम्म्या खर्चात राजासारखं राहता येतं म्हणे.

"आये, थंय माड आसत, दर्या आसा, शीत-हुमण आसा." भात नि माशांचं कालवण मिळालं की त्याला बाकी काही लागत नाही.

"मगे हंय काय नाय?"

"हंय महाग आसा!"

घराला कुलूप लावून नवरा-बायको निघाली तर माझं काय, हे मात्र कुणी बोलेना. मीही विचारलं नाही.

*

एके सकाळी मधूनं तिथल्या बाजारातूनच व्हिडिओ कॉल लावला. सुनीता, माझी सून, बांगड्यांचे डोळे बघून म्हणाली, कालचे आहेत. मी फोन घेतला आणि म्हापशाच्या बाजारात करते तशी त्या मासेवालीशी घासाघीस केली. माझं तिला कळेना, तिचं मला. शेवटी नको तर नको म्हणत मी फोन पालथा घातला.

आतून मधू ओरडला, बाईनं आणखी दोन टाकले! तो रोजचं गिऱ्हाईक, पण त्याला कधी एक शेपूटही जास्त मिळालं नव्हतं.

उल्हास म्हणाला, बघा, किती स्वस्त.

सुनीता म्हणाली, "स्वस्ताय थंय नाय. आईंच्या तोंडात आसा."

*

मग चवथीचा प्रश्न आला. गणपतीवर माटोळी बांधायला रानातली फळं तिकडं कुठली? उल्हास म्हणाला, चवथीला घरी येऊच. मग शिमग्याला यायचं ठरलं. जत्रेला यायचं ठरलं. लेकीच्या बाळंतपणाला, फणस पिकले की फणसाला.

सुनीता बोटांवर मोजत ऐकत होती. "मगे थंय रवतलव कदी?"

उल्हास राहायचे दिवस कॅलेंडरात शोधायला आत गेला, तो जेवायलाच बाहेर आला.

*

एकदा उल्हास माझ्याजवळ येऊन बसला. परदेशात राहणं कसं असतं, कुणाला विचारावं म्हणाला. मी म्हटलं, मला विचार. माझं माहेर हद्दीपलीकडचं, दोडामार्गाच्या बाजूचं. लग्न झालं तेव्हा इकडं पोर्तुगीज होता. वडिलांनी मला इकडं दिली, कारण इकडं कापड, साबण, सगळं स्वस्त! पुढं हद्द बंद झाली. माहेरचा डोंगर डोळ्यांना दिसे, जाता येईना. मग गोवा सुटला, आणि चुलीवरचं भांडंसुद्धा न हलवता मी परदेशातून देशात आले.

त्यानं विचारलं, मग तू इकडं यायला हो कसं म्हटलंस?

"माका कोणी विचारल्यान?"

तेवढ्यात सुनीतानं चहाला हाक मारली.

*

डोकी चालेनाशी झाली तेव्हा उल्हास म्हणाला, देवाला कौल लावूया. देवळात आम्हां तिघांसमोर गुरवानं देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली की हो, डावी पडली की नाही. घरची गोष्ट आहे, मनातच विचारा, म्हणाला, आणि त्यानं गाऱ्हाणं घातलं.

बराच वेळ काही हलेना. मग उजवी पाकळी पडली, कुणी हातानं काढावी तशी. तिघांनी एकदम हात जोडले. तिघांचेही चेहरे फुलले.

गाडीत बसल्या बसल्या सुनीता म्हणाली, आता आधी पासपोर्ट काढूया.

उल्हासनं चावी फिरवलीच नाही. म्हणाला, जाऊ का असं त्यानं विचारलंच नव्हतं. आईला टाकून जाववत नाही, इथंच राहिलो तर चालेल का, असं विचारलं होतं.

दोघांनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं.

"आये, तुया काय विचारलंस?"

"ही दोगां गेली तर माका न्हेतीत काय, म्हणान."

आम्ही तिघं उतरून परत देवळात. गुरव दाराला कुलूप घालत होता. त्याला सगळं सांगितलं, म्हटलं, पुन्हा एकदा लाव. त्यानं चावी कमरेला खोचली.

"देवान उत्तर दिल्यान," तो म्हणाला. "प्रश्न खयचो, तो तुमी घराक जावन ठरवा."