जिन्यातली शेजारीण

स्टॉकहोमला माझ्या बालमैत्रिणीकडे, कुसुमकडे, गेले होते. फिरायला निघालो, तर ती दाराच्या भिंगाला डोळा लावून उभी.

"थांब गं, शेजारीण जिन्यात आहे. ती जाऊ दे."

"भांडण झालंय?"

"छे! इथं असंच करतात. उगाच कुणाला बोलायला लागू नये."

मला संतापच आला. गावात हीच अख्ख्या आळीला हाका मारायची, लाजून गप्प बसणारी मी होते. शहर देखणं आहे, पाणी, पूल, सगळं स्वच्छ. पण माणूस टाळण्याला सभ्यपणा कसं म्हणायचं?

मी दार उघडलं आणि हात जोडले. म्हातारी शेजारीण दचकली, मग पिशवी खाली ठेवून तिनेही हात जोडले.

कुसुम दाराआडच उभी होती.