सहा ते सातची वेळ

फ्लेक्सवर आम्हा दोघींचे फोटो होते आणि खाली लिहिलं होतं, 'माजी स्टार खेळाडू'. मला त्या 'माजी'चाच राग आला. फोटो चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचे, दोन वेण्यांचे. ज्या शाळेत जाऊ तिथल्या मुली आधी फ्लेक्सकडे बघायच्या, मग आमच्याकडे, आणि फोटोतल्या बायका कधी येणार म्हणून वाट बघत बसायच्या.

आम्ही म्हणजे मी आणि आमची जुनी कॅप्टन. ती बँकेतून निवृत्त झालेली, मी जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये गुडघ्याला तेल चोळत बसलेली. आमच्या बास्केटबॉल क्लबच्या सेक्रेटरीनं आम्हाला बोलावून घेतलं. तो आमच्याच वेळी मुलांच्या टीममध्ये होता, त्यामुळे आमचं अरे-तुरेच. म्हणाला, "मुलींच्या प्रॅक्टिसला कुणी येत न्हाय. तुमी शाळाशाळांत जावा, पोरी आणा. महिनाअखेर बारा झाल्या तर सहा ते सातची वेळ त्यांची. न्हायतर ती मुलांना देणार."

त्या एका तासावर माझा जीव आहे. तो आम्हाला कुणी बहाल केला नव्हता. आम्ही शाळेत असताना मुलांची प्रॅक्टिस कधी संपायचीच नाही. एका संध्याकाळी आम्ही सगळ्या जणी कोर्टाच्या मधोमध मांडी घालून बसलो आणि उठलोच नाही. मुलांनी आमच्यावर बॉल मारले. माझं नाक फुटलं, रक्त फ्रॉकवर आलं, तरी बसून राहिलो. दुसऱ्या दिवसापासून सहा ते सात मुलींचं झालं. त्या मुलांत हा सेक्रेटरीही होता, हे त्याला आठवत नसलं तरी मला आठवतं.

पहिली शाळा पूर्व भागातली, विणकरांच्या वस्तीतली. मी तिथंच वाढले, घरी तेलुगू आणि कोर्टावर मराठी. मैदानात एकच गंजकी रिंग होती. ठरलं असं होतं की दहा मिनिटं आम्ही खेळून दाखवायचं आणि मग मुलींना शिकवायचं. कॅप्टननं मला चकवून बास्केट केली आणि माझ्याकडे बघून हसली. झालं! माझं डोकंच फिरलं. पुढचा बॉल मी तिच्या हातातून हिसकावला. ती म्हणाली फाउल, मी म्हणाले कसला डोंबलाचा फाउल. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा आम्ही दोघी कमरेवर हात ठेवून धापा टाकत होतो आणि कोण जिंकलं यावर भांडत होतो.

मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, "कोण कोण येणार क्लबला?" एकही हात वर नाही. पहिल्या रांगेतली लाल रिबनवाली मुलगी म्हणाली, "तुमीच खेळलात की, मॅडम. लई भारी खेळलात. आमी कुटं हात लावला बॉलला?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतताना रिक्षात आम्ही एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही.

पुढच्या आठवड्यात त्याच शाळेत पुन्हा गेलो. रिंगमध्ये बॉल आपण टाकायचा नाही, अशी शपथच घेतली होती. हात नुसते शिवशिवत होते. पास, ड्रिबल, सगळं मुलींनीच केलं. लाल रिबनवालीनं मला सरळ चकवलं, तेव्हा कौतुकाआधी मला तिचा रागच आला. तेवढ्यात सेक्रेटरी फोटोग्राफर घेऊन हजर.

"एक शॉट मार. फोटो पायजे."

"त्यांचा काढ."

"अगं, स्टार तू हाईस."

"मग स्टारचं ऐक. त्यांचा काढ."

त्यानं काढू दिला नाही. फोटोग्राफर आला तसा गेला.

महिनाअखेर मुली क्लबवर आल्या. आठच. नावं बारा जणींनी दिली होती, पण चौघींना घरून सोडलं नव्हतं. लाल रिबनवाली शाळेच्या ड्रेसमध्येच आली होती, पायातल्या चपला तिनं कोर्टाच्या कडेला काढल्या होत्या. सेक्रेटरीनं बोटानं मोजलं. "बारा ठरलं हुतं. आठच हायत." मुलांची टीम बॉल घेऊन मागे उभी होती. सहा वाजले होते. मुली माझ्याकडे बघत होत्या आणि लाल रिबनवाली चपला पुन्हा पायात घालायला लागली होती.

ते मला बघवेना. मी मधल्या रेषेपर्यंत गेले, एक हात जमिनीला टेकून हळूहळू खाली बसले आणि मांडी घातली. आई गं! कॅप्टन काही विचारायला थांबली नाही, शेजारी येऊन बसली. मुलींना म्हटलं, "चपला काढा. त्या रिंगवर सुरू करा."

पाठीमागे मुलींचा बॉल आपटायला लागला. समोरची मुलं एकमेकांकडे बघत राहिली. या बायकांना बॉल कसा मारायचा, त्यांना सुचेना. सेक्रेटरी जवळ येऊन वाकला आणि हळूच म्हणाला, "ऊठ की आता. वय बघ आपलं."

"वय बघूनच सांगते," मी म्हणाले. "गुडघा आखडलाय. तासभर तरी उठता यायचं नाही."