दाजींच्या ट्रेलरचा जॅक

तळ्याच्या काठी पत्र्याच्या शेडमध्ये जो मिस्त्री बसायचा, त्याला सगळे टिकाऊ म्हणत. त्याच्या हाताखाली आलेली वस्तू भंगारात जायची नाही. मोडलं की सांधायचं, सांध्याशेजारी मोडलं की तिथंही सांधायचं, आणि हात पुसत म्हणायचं, "अजून टिकेल." होड्या ज्यांच्यावर चढवून ने-आण करतात, त्या काठावरच्या बहुतेक ट्रेलरांना त्याचा हात लागलेला. नव्या मालाची त्याला चीड. "नवं आणायला अक्कल कशाला लागते?" असं तो गिऱ्हाइकाला तोंडावर विचारायचा.

असा माणूस एका सकाळी कोरा करकरीत जॅक खांद्यावर टाकून काठाकडे निघाला होता, आणि त्याला वाटत होतं, वाट अजून लांब असती तर बरं झालं असतं.

जॅक दाजींच्या ट्रेलरसाठी होता. दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ट्रेलर गाडीपासून सोडवला की पुढचा दांडा भुईवर आपटू नये, म्हणून त्याच्याखाली एक उभा जॅक असतो. हँडल फिरवलं की आतलं मळसूत्र फिरतं आणि दांडा वर-खाली होतो. दाजींचा जॅक त्यांच्या वडिलांच्या वेळचा. आटे झिजून गुळगुळीत झालेले, सुटे भाग मिळायचे कधीच बंद झालेले. ताई दोन वर्षं कानीकपाळी ओरडत होती, "अरे, बदल तो एकदाचा. म्हातारा झालाय."

"म्हातारी तूही झालीस," हा म्हणायचा, "दाजींनी बदललं का?"

सगळे हसायचे आणि जॅक तसाच राहायचा. गेल्या वर्षी मात्र त्याने जॅक उघडला, झिजलेल्या आट्यांच्या फटीत पत्र्याची एक पट्टी सरकवली, वर मूठभर ग्रीस थापलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. आपलं आपल्याशी.

तीन आठवड्यांपूर्वी ती पट्टी निसटली. दांडा धाडकन खाली आला तो दाजींच्या पायावर. अंगठ्याचं हाड मोडलं. माणसं धावली, सगळी दाजींवर वाकली. एवढ्या गडबडीत टिकाऊने काय करावं? दाजींनी चाकाखाली अडवण म्हणून लावलेली लाकडाची उटी त्याने पायानं हळूच बाजूला सारली. कुणीतरी विचारलं, कसं झालं? तर म्हणाला, "उटीच लावली नव्हती. ट्रेलर सरकला, जॅक कलंडला."

लोकांना दिसलं नाही. पण भुईवर पडलेल्या माणसाचे डोळे चाकाच्याच उंचीवर असतात. दाजींनी चाकाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "हो. राहिली असेल."

दाजी म्हणजे घराला कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारा माणूस. उतारावरून होडी पाण्यात सोडायची तर लोक आपला ट्रेलर त्यांच्याच हाती द्यायचे. तेच लोक आता त्यांना बघितलं की विचारायचे, "काय दाजी, उटी लावली का?" खुर्चीत बसले तरी, चहाचा कप ठेवला तरी तेच. ट्रेलर द्यायला मात्र कुणी येईना. पाय टेकता यायला लागला, तरी दाजी काठावर जायचे थांबले. ताई भावाला एवढंच म्हणाली, "घरात बसवलं रे त्यांना." तिला खरं ठाऊक नव्हतं, म्हणून ते जास्तच लागलं.

तर आज त्याने दाजींना मुद्दाम काठावर बोलावलं होतं. दाजी उपड्या खोक्यावर बसले होते. होडीवाले जमलेच होते.

"टिकाऊ, नवा जॅक?" टोपीवाला नावाडी म्हणाला. "तब्येत बरी आहे ना?"

"दाजी, आज उटी कोण लावणार?" दुसरा म्हणाला.

दाजी हसले. ते हसू बघवेना, म्हणून टिकाऊ दांड्याखाली ठोकळा सारून गुडघ्यावर बसला. दोन बोल्ट सुटले, तिसरा गंजलेला होता, तो कापावा लागला. जुना जॅक हातात आला, तेव्हा तो खालूनच बोलला, "उटी लावली होती."

"काय म्हणतोस?"

"त्या दिवशी. दाजींनी लावली होती. मी पायानं काढली."

मग टोपीवाल्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. "मेहुणा असावा तर असा. त्यांची अब्रू राखायला खोटं अंगावर घेतोय."

"मोठं मन लागतं," कुणी म्हणालं.

स्वतःच्या तोंडाला काळं फासून घ्यायला आला होता, तर लोक हार घालत होते. आणि खरं सांगायचं तर एक पळभर त्याला वाटलं, असू दे. बोलायचं ते बोलून झालं, वर शाबासकीही मिळाली. दाजी पाण्याकडे बघत होते.

मग त्याने जुना जॅक उघडला. मळसूत्र उपसून रॉकेलमध्ये धुतलं, पुसलं आणि टोपीवाल्याच्या हातात दिलं. "बोट फिरवा."

टोपीवाल्याने बोट फिरवलं. कुठं अडलं नाही. टिकाऊने ग्रीसमधून चुरगळलेली पट्टी काढली. बिस्किटाच्या डब्याचा पत्रा, निळा रंग अजून दिसत होता. "ही मी घातली होती. ही निसटली म्हणून दांडा पडला. दाजींची काही चूक नव्हती."

आता कुणी हसलं नाही. टोपीवाल्याने हळू आवाजात विचारलं, "माझ्या जॅकमध्येही घातलीस?"

"तुमच्या. आणि त्या लाल ट्रेलरच्या. पलीकडच्या दोन्हींच्याही."

चार शिव्या पडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. कुणी शिवी दिली नाही. एकेक जण आपापल्या ट्रेलरकडे गेला आणि दांड्यापासून पाय लांब ठेवून उभा राहिला, अडगळीत साप निघाल्यावर उभी राहतात तशी माणसं. काल याच दांड्यांवर बसून ते जेवले होते.

"मेहुणे, आधी हा बसवा," दाजी म्हणाले. "ट्रेलर वाटेत उभा आहे."

त्याने नवा जॅक बसवला. वॉशर दोनदा मातीत पडला. बोल्ट आवळून झाले, तेव्हा टोपीवाला आला. त्याच्याकडे नाही, दाजींकडे. "दाजी, जॅक काढायला माझा दांडा तुम्ही उतरवून द्याल? ह्याच्या एकट्याच्या हाती नाही द्यायचा मला."

"चला," दाजी म्हणाले आणि लंगडत निघाले. दहा पावलांवर थांबून मागं वळले. "मेहुणे, येताय ना? पाने कोण आणणार?"

टिकाऊने पाने गोळा केले आणि खाली मान घालून त्यांच्या मागून चालायला लागला.