पाय न टेकवता

डोंगर चढताना माणूस अखेर एकटाच असतो, अशा समजुतीत मी माउंटन बाइक घेतली. मुलुंड कॉलनीमागच्या टेकडीवर सकाळी सहा वाजता हा एकांत निम्म्या कॉलनीबरोबर वाटून घ्यावा लागतो, हे नंतर कळलं.

माझी इच्छा एवढीच होती की तो चढ एकदा तरी पाय न टेकवता पार करावा. तीन महिने जमलं नाही. शेवटच्या वळणावर सुट्या खडीत मागचं चाक जागच्या जागी फिरायचं आणि पाय जमिनीला लागायचा.

त्या रविवारी वळण पार झालं. माथा दहा-बारा हातांवर होता. तेवढ्यात आमच्याच बिल्डिंगमधले, बँकेतून निवृत्त झालेले काका चालत चालत माझ्या बरोबरीला आले.

"काय रे, दमलास?"

मला बोलण्याइतका श्वास नव्हता.

"लाजतोस काय," म्हणत त्यांनी सीटला मागून हात लावला आणि मला थेट माथ्यापर्यंत ढकलत नेलं.

"काका, कशाला ढकललंत? आता हा चढ हिशेबात धरता येणार नाही," मी वर पोचल्यावर म्हणालो.

"कोण धरत नाही?"

"मीच."

"मग धर की. पोचलास ना वर?"

मी पुन्हा खाली जायला सायकल वळवली. काकांना मात्र धाप लागली नव्हती. त्यांनी मला एकाच हाताने ढकललं होतं. दुसऱ्या हातात पूजेच्या फुलांची पिशवी होती.