गाईला चालेल असं मशीन

आमच्या वस्तीवर मला भांडखोर समजतात. समजू देत! माझ्या सासूबाईंना, रतनबाईंना, ऐकायला कमी येतं, त्यामुळे “आत्याबाई, चहा घ्या” हेसुद्धा मला घसा फोडून सांगावं लागतं. त्याही ओरडूनच बोलतात. शेजारची रंगुबाई एकदा आमचं भांडण मिटवायला धावत आली होती. तिला चहा पाजून परत पाठवलं.

ओरडायची सवय झाली होती हो, पण यंदा पंचाईत झाली. मला दिवस गेले. मागच्या वर्षी एकदा गर्भ पडला होता, तेव्हा आत्याबाईंनी माझी समजूत काढली तीही अख्ख्या वस्तीनं ऐकली. त्यामुळे या खेपेला तीन महिने बोभाटा नकोच. पण आत्याबाईंना सांगायचं होतं, तेही मीच. असली गोष्ट ओरडून कशी सांगणार? खूण करून पाहिली, पोटावर हात ठेवला. त्यांनी ओवा आणून दिला, वर कोमट पाणी. खाल्ला मुकाट्यानं.

मग नवऱ्याच्या, रविराजच्या, मागं लागून आत्याबाईंना संगमनेरला नेलं. तिथल्या कानाच्या दवाखान्यात कान तपासून रुपाली मॅडमनी कानामागं लावायची तीन मशीनं टेबलावर मांडली. एक शेंगदाण्याएवढं, केसासारखी बारीक नळी आणि टोकाला मऊ रबरी टोपी. दुसरं तसंच, पण त्याचा स्पीकर वायरीच्या टोकाला, थेट कानात बसणारा. तिसरं चांगलं ठसठशीत, जाड नळीचं, त्याला कानाच्या मापाचं बनवलेलं बूच.

“आजींना बरंच कमी ऐकू येतं. हे बुचाचं घ्या,” मॅडम म्हणाल्या.

रविराजनी तोवर शेंगदाणा उचलला होता. “हे बरंय. दिसत नाही.”

आईच्या कानापेक्षा यांना पाहुण्यांच्या डोळ्यांची काळजी! शेवटी मॅडमनी ते आठवडाभर वापरून बघायला दिलं.

मी ठरवलं, संध्याकाळी गोठ्यात सांगायचं. धारेच्या वेळीच काय त्या आम्ही दोघी एकट्या असतो. आत्याबाई गाईच्या पोटाला डोकं टेकवून धार काढतात. मी “आत्याबाई” म्हणतेय तोच त्यांनी डोकं टेकवलं, आणि मशीननं कुईंईं करून शिट्टी मारली. आमची चंद्री उधळली. बादली पालथी, आत्याबाई शेणात!

“असलं भूत नगं मला कानात!” त्यांनी मशीन डबीत कोंबलं. “चंद्री दुसऱ्या कुनाला कासंला हात लावू देत न्हाई. बहिरीच बरी हाय मी.”

मला रडूच कोसळलं. त्यांना वाटलं, दुधासाठी रडतेय.

त्या रात्री मी खरंच भांडले, पण नवऱ्याशी. “दिसतं का नाही ते तुम्ही बघत बसा. मला त्यांच्याशी बोलायचंय.” दुसऱ्या दिवशी पुन्हा संगमनेर. आत्याबाईंनी मशीन लावून मॅडमच्या कपाटालाच डोकं टेकवलं. कुईंईं! बाहेर बसलेले पेशंट डोकावून गेले.

“टोपी सैल आहे, आतला आवाज बाहेर निसटून परत मशीनमध्ये शिरतो,” मॅडम हसत म्हणाल्या. “बूच कानात घट्ट बसतं.” मापासाठी त्यांनी कानात मऊ लगदा भरला, तेव्हा आत्याबाईंना हसू आवरेना.

“आई, हे लोकांना दिसंल,” रविराज अजून तिथंच.

“दिसंना का! म्हंजी माझ्याम्होरं जपून बोलत्याल.”

बूच तयार होऊन आलं. संध्याकाळी गोठ्यात आत्याबाईंनी चंद्रीच्या पोटाला डोकं टेकवलं. मी चंद्रीचं दावं धरून उभी. शिट्टी नाही. चंद्री निवांत रवंथ करत होती आणि बादलीत धार वाजत होती. “ऐकलंस का, कशी वाजती?” त्या म्हणाल्या, अर्थात ओरडूनच. मी शेजारी उकिडवी बसले आणि अगदी हळू म्हणाले, “आत्याबाई, मला दिवस गेलेत.”

धार थांबली. त्यांनी आधी गोठ्याच्या दाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं. काहीतरी बोलल्या, पण मलाच ऐकू आलं नाही.

“काय?” मी जवळ सरकले.

“हळू बोल, कुनी ऐकंल,” त्या माझ्या कानाशी कुजबुजल्या. “उद्यापास्नं बादली तू उचलायची न्हाई. ह्या बारीला आपन दोघी लई जपू.”

इतक्या वर्षांत आत्याबाईंचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.